पट्टा काढायचा की ठेवायचा?

मागच्या शुक्रवारी रात्री साडेअकराला न्यू जर्सीहून फोन आला. सांगलीला इंजिनिअरिंगला असताना माझा रूम-पार्टनर होता तो. आता तिकडे बँकेचं सॉफ्टवेअर लिहितो, मी इकडे हिंजवडीत विमा कंपनीचं लिहितो. दोघंही मेकॅनिकलवाले, म्हणजे बघा डिग्रीचा केवढा उपयोग झाला ते! पण त्याने निदान गाडी तरी घेतली आहे. माझ्दाची मियाटा, १९९५ ची, १.८ लिटरची, दोन सीटची उघडी स्पोर्ट्स कार. वयाने आम्हा दोघांपेक्षा मोठी. सेकंडहँड घेतली आणि तेव्हापासून दर वीकेंडला तिच्याखाली झोपलेला असतो.

त्याचा प्रश्न असा. ह्या गाडीत इंजिनाच्या तोंडाशी दोन पट्टे असतात. एका पट्ट्यावर अल्टरनेटर आणि पाण्याचा पंप चालतो, दुसऱ्यावर एसीचा कॉम्प्रेसर आणि पॉवर स्टिअरिंगचा पंप. त्याला एक किट मिळतंय. एसी आणि पॉवर स्टिअरिंग दोन्ही काढून टाकायचं, म्हणजे दुसरा पट्टा गायब. आणि क्रँकशाफ्टवरची मूळची जड पुली काढून तिथे हलकी, जरा लहान व्यासाची अ‍ॅल्युमिनियमची पुली बसवायची. वजन कमी, भाग कमी, इंजिनावरचा बोजा कमी. त्याने एक्सेल शीट पण केली होती (सवय!). शेवटच्या ओळीत लिहिलं होतं, "सिंपल = बेटर?" प्रश्नचिन्हासकट.

मी झोपेत होतो. "कर की, कमी भाग म्हणजे कमी कटकट" असं म्हणणारच होतो. पण का कोण जाणे, म्हटलं रविवारी सांगतो. कारण शनिवारी मला मामाकडे जायचं होतं आणि तिथे नेमका ह्याच प्रश्नाचा गावठी अवतार माझी वाट बघत होता.

मामाची पिठाची गिरणी आहे, कोरेगाव तालुक्यात. गिरणी आजोबांच्या वेळची. एका कोपऱ्यात जुनं कूपर इंजिन, दुसऱ्या कोपऱ्यात दहा एचपीची मोटर, मध्ये दगडाची चक्की आणि इंजिन ते चक्की असा आठ-दहा फुटांचा कापडी-रबरी चपटा पट्टा. आता एक विक्रेता मामाच्या मागे लागलाय की हे सगळं भंगारात घाला आणि नवं मशीन घ्या. मोटर थेट चक्कीच्या शाफ्टला, पट्टा नाही, पुली नाही, जागा पाव. मामांनी मला बोलावलं ते ह्यासाठीच. "तू इंजिनेर हाईस, बघून सांग." मी जावा लिहितो हे मामांना पाच वर्षांत पटवता आलेलं नाही.

तर मंडळी, दोन्ही प्रश्नांचं उत्तर शोधताना मी ह्या पट्ट्याच्या इतिहासात जो शिरलो तो शनिवार-रविवार बाहेरच आलो नाही. आणि गंमत म्हणजे हा इतिहास फार लांबचा नाही, पुणे-मिरज रेल्वे लाईनवरचाच आहे.

आधी भूगोल. आजचे सातारा आणि सांगली हे पूर्वी असे वेगळे नव्हते. १९४९ साली जुन्या सातारा जिल्ह्याचा दक्षिण भाग आणि सांगली, मिरज, जत वगैरे संस्थानांचा प्रदेश मिळून 'दक्षिण सातारा' झाला आणि १९६० साली त्याचं नाव सांगली पडलं. त्यामुळे मी खाली ज्या दोन कारखान्यांबद्दल लिहिणार आहे ते एका अर्थी एकाच मुलखातले.

पहिला किर्लोस्करांचा. लक्ष्मणराव किर्लोस्कर मुंबईत व्हीजेटीआयमध्ये शिकवत होते. बढतीच्या वेळी त्यांना डावललं म्हणून नोकरी सोडून बेळगावला आले. तिथे भावाबरोबर सायकलचं दुकान होतं, १८८८ सालचं. मग कडबा कापायचं यंत्र, मग १९०३ च्या सुमारास लोखंडी नांगर. लोखंडाने जमिनीत विष पसरतं असं तेव्हा शेतकरी म्हणत, त्यामुळे सुरुवातीला नांगर कोणी घेईना. पुढे बेळगावातली जागा सोडायची वेळ आली तेव्हा औंधच्या पंतप्रतिनिधींनी त्यांच्या संस्थानातल्या कुंडल गावाजवळचं माळरान आणि कर्जाऊ पैसे दिले. १९१० साली तिथे किर्लोस्करवाडी वसली. कुंडल रोड नावाचं रेल्वे स्टेशन जवळ होतं, हे महत्त्वाचं. नांगर, चरक, पुढे पंप, सगळं त्या रुळांवरून गावोगाव गेलं.

दुसरा कारखाना कूपरांचा. धनजीशा कूपर हे साताऱ्याचे पारशी. १९३७ साली एप्रिल ते जुलै असे साडेतीन महिने ते मुंबई प्रांताचे पहिले प्रीमियर, म्हणजे आजच्या भाषेत मुख्यमंत्री होते. शाळेत आम्हाला बाळासाहेब खेर शिकवले, कूपर नाही शिकवले. असो. त्यांचा कारखाना १९२२ चा. नांगरापासून सुरुवात आणि १९३० च्या दशकात डिझेल इंजिनं. पुढे १९४० मध्ये कारखाना वालचंद हिराचंद यांच्या समूहाकडे गेला. पण गिरणीवाल्यांच्या तोंडी 'कूपर' हे इंजिनाचं जवळजवळ सामान्यनाम होऊन बसलं. आमच्याकडे "इंजिन चालू कर" असं कोणी म्हणायचं नाही, "कूपर लाव" म्हणायचे.

आता पट्टा मध्ये का आला ते बघू.

त्या काळची इंजिनं संथ. उदाहरण म्हणून इंग्लंडच्या लिस्टर कंपनीचं इंजिन घ्या, १९२९-३० च्या सुमाराचं, ज्याच्या नकला पुढे राजकोटला ढिगाने झाल्या. पाच एचपी आणि मिनिटाला फक्त ६०० फेरे. दोन भलीमोठी फ्लायव्हील, एकच सिलिंडर. ही इंजिनं तीस-चाळीस वर्षं सहज चालायची, कारण संथ चालणारी वस्तू संथ झिजते. पण ६०० फेऱ्यांवर थेट काहीच चालत नाही. विहिरीवरच्या सेंट्रिफ्यूगल पंपाला दीड हजार फेरे लागतात. मग इंजिनावर वीस इंची पुली आणि पंपावर आठ इंची, की झाले अडीच पट. ह्याच्या उलट गुऱ्हाळातला चरक. त्याला बैल फिरवत होते तेव्हा मिनिटाला दोन-तीन फेरे व्हायचे. इंजिन लावलं तरी लाट्या सावकाशच फिरायला हव्यात. म्हणजे लहान पुलीवरून मोठ्या पुलीवर, आणि उरलेलं काम दातेरी चाकांनी. एकच इंजिन सकाळी विहिरीवर, रात्री गुऱ्हाळात, पावसाळ्यात गिरणीत. मध्ये बदलायचं काय, तर पुली आणि पट्टा.

म्हणजे पट्ट्याचं पहिलं काम वेग जुळवणं. हे आम्हाला पहिल्या वर्षी शिकवलं, पाच मार्कांना यायचं.

दुसरं काम मला कॉलेजमध्ये कोणी सांगितलं नव्हतं, मामांनी सांगितलं. गुऱ्हाळात उसाच्या मोळीबरोबर कधी दगड जातो, कधी विळ्याचं पातं. चरकाच्या लाट्या अडतात. तेव्हा जर इंजिन थेट जोडलेलं असेल तर फ्लायव्हीलमध्ये साठलेली सगळी ताकद दातेरी चाकांवर येणार आणि दात तुटणार. बिडाचा दात एकदा तुटला की हंगाम संपला. पट्टा असेल तर तो घसरतो, किंचाळतो, जळका वास येतो आणि शेवटी पुलीवरून उतरून बाजूला पडतो. इंजिन आपलं मोकळं फिरत राहतं. पट्टा पुन्हा चढवायचा, थोडी राळ लावायची, पुढे चालू. मामांच्या भाषेत, "पट्टा पडला म्हंजी काय बिघडलं न्हाई. पट्टा पडला न्हाई तर बिघडतं."

आपल्या भाषेत फ्यूज!

आणि तिसरं काम म्हणजे तोडणं-जोडणं. ह्यावर माझी स्वतःची आठवण आहे. मी प्राथमिक शाळेत असताना, २००५ नंतरची ती वर्षं, गावाकडे दिवसाचे दहा-बारा तास लाईट नसायची. लोडशेडिंग हा शब्द मी बाराखडीबरोबरच शिकलो असेन. गिरणीत मोटर होती, पण लाईट नसली की मामा पट्टा मोटरच्या पुलीवरून काढायचे आणि इंजिनाच्या पुलीवर चढवायचे. पाच मिनिटांत चक्की पुन्हा चालू. चक्कीला काय कळतं की पलीकडे डिझेल आहे की वीज? सॉफ्टवेअरमध्ये आम्ही ह्याला इंटरफेस म्हणतो आणि त्यावर कॉन्फरन्स भरवतो. इंजिनाच्या धुराड्याच्या नळीवर पत्र्याचा डबा बसवलेला होता. त्यामुळे पुक् पुक् पुक् असा आवाज अख्ख्या गावात जायचा. तो आवाज म्हणजे जाहिरात. आवाज आला की बायका डबे घेऊन निघायच्या.

इथवर वाचून वाटेल की मी पट्ट्याच्या बाजूने आहे. थांबा.

आमच्या आजोबांच्या उजव्या हाताला तीन बोटं होती. मी लहानपणी समजायचो की म्हाताऱ्या माणसांना तेवढीच असतात. दोन बोटं ह्याच पट्ट्याने नेली, चालत्या पुलीवर पट्टा चढवताना. हे काम सगळेच तसं करायचे, कारण इंजिन बंद करून पुन्हा हँडल मारणं हा घामाचा प्रकार. पट्टा एका हाताने पुलीच्या कडेला टेकवायचा आणि तो आपोआप ओढला जातो. हातही ओढला जातो.

आणि हे माहीत नव्हतं असं नाही. जगभरच्या कारखान्यांत एकोणिसाव्या शतकापासून एकच मोठं इंजिन, छताखालून जाणारा लांब शाफ्ट आणि त्यावरून खाली उतरणारे पन्नास-शंभर पट्टे अशी रचना होती. केस, धोतर, पदर, बाह्या, त्यात काय काय अडकलं असेल त्याचा विचार करवत नाही. आपल्याकडे १९४८ च्या फॅक्टरीज अ‍ॅक्टमध्ये ह्यासाठी अख्खी कलमं होती. कलम २१ यंत्राला कुंपण घालण्याचं. कलम २२ म्हणायचं की चालत्या यंत्रावर पट्टा चढवण्यासारखं काम फक्त प्रशिक्षित माणसाने आणि अंगाला घट्ट बसणाऱ्या कपड्यांतच करावं. कलम २४ पट्टा सरकवायच्या दांडीबद्दल. फिरणाऱ्या शाफ्टवर बिनकामाचा पट्टा लोंबकळत ठेवायचा नाही असंसुद्धा त्यात होतं. म्हणजे कोणीतरी खूप बारकाईने अपघात बघून हे लिहिलेलं. पण वीज किंवा इंजिन वापरणारी जागा 'फॅक्टरी' ठरायला तेव्हा किमान दहा कामगार लागत. आमच्या गिरणीत आजोबा, मामा आणि एक गडी. त्यामुळे कायदा रस्त्यावरूनच पुढे गेला.

त्या अपघातानंतर मामांनी काय केलं? इंजिनाच्या शाफ्टवर शेजारी एक मोकळी पुली बसवली. ही शाफ्टवर नुसती ठेवलेली असते, शाफ्टबरोबर फिरत नाही. पट्टा तिच्यावर असला की चक्की थांबलेली. लाकडी दांडीने पट्टा शेजारच्या पक्क्या पुलीवर ढकलला की चक्की चालू. हात लावायचं कामच नाही. ही युक्ती शंभर-दीडशे वर्षं जुनी होती, सगळ्या कारखान्यांत होती, आणि एका पुलीच्या खर्चात होत होती. आजोबांच्या बोटांनंतर आली. म्हणजे इथे एक भाग वाढवल्याने यंत्र सुरक्षित झालं, कमी केल्याने नाही. हे मी मित्रासाठी लिहून ठेवलं.

तरीही पट्टा गेला तो का आणि कसा, हा इतिहासाचा खरा रसाळ भाग आहे.

लक्ष्मणरावांचे चिरंजीव शंतनुराव १९२६ साली अमेरिकेतून, एमआयटीतून, मेकॅनिकल इंजिनिअर होऊन आले. त्याच सुमारास किर्लोस्करवाडीत सेंट्रिफ्यूगल पंप बनू लागले. आणि १९४६ साली पुण्यात खडकीला किर्लोस्कर ऑइल इंजिन्स सुरू झाली. तिथलं जे इंजिन पुढे घरोघर गेलं ते एव्ही-१. ब्रिटनच्या पेटर कंपनीच्या ह्याच नावाच्या इंजिनाच्या घराण्यातलं. सिलिंडरचा व्यास ८० मिलिमीटर, स्ट्रोक ११०, पाच एचपी. ह्यापैकी कुठलाच आकडा महत्त्वाचा नाही. महत्त्वाचा आकडा १५००. मिनिटाला १५०० फेरे!

का महत्त्वाचा? कारण पंपालाही १५०० च हवेत. इंजिनाचा शाफ्ट आणि पंपाचा शाफ्ट समोरासमोर आणा, मध्ये एक कपलिंग टाका, झालं. दोन पुल्या गेल्या, पट्टा गेला, घसरणं गेलं, पट्टा पावसात भिजणं गेलं. वर इंजिन हलकं, बैलगाडीत घालून विहिरीवर नेता येईल असं. आपल्या ५० हर्ट्झच्या विजेवर चार पोलची मोटर साधारण १४४० फेरे फिरते, म्हणजे उद्या लाईट आली तर इंजिनाच्या जागी मोटर, पंप तोच. पुढे मोटर आणि पंप एकाच शाफ्टवर घालून मोनोब्लॉक झाला, तेव्हा मधलं कपलिंगही गेलं.

लक्षात घ्या, इथे कोणी जुन्या ६०० फेऱ्यांच्या इंजिनाचा नुसता पट्टा काढला नाही. तसं केलं असतं तर पंपातून पाणी वर चढलंच नसतं. पट्टा जे काम करत होता ते आधी इंजिनाच्या डिझाइनमध्ये हलवलं आणि मग पट्टा अनावश्यक झाला म्हणून काढला. त्याची किंमतही मोजली. अडीच पट वेगाने धावणारं इंजिन जास्त आवाज करतं, जास्त काळजी मागतं, बेअरिंग आणि रिंगा लवकर मागतं. जुने लोक कूपर-लिस्टरचं कौतुक करतात ते उगाच नाही. पण शेतकऱ्याला पाणी हवं होतं, इंजिनाची शंभरी नको होती. माझ्या मते सौदा बरोबर होता.

कॉलेजच्या लॅबमध्ये ह्याच घराण्यातलं टीव्ही-१ इंजिन आमच्यासमोर होतं, ८७.५ मिलिमीटर व्यास, तेच १५०० फेरे. रीडिंग घ्यायचो, जर्नल भरायचो. १५०० च का, असा प्रश्न चार वर्षांत एकालाही पडला नाही. मलाही नाही. व्हायवात विचारलं असतं तर "सर, रेटेड स्पीड आहे" असं बाणेदार उत्तर दिलं असतं.

जे इथे झालं त्याच्या उलटं अमेरिकेत झालं होतं, तेही सांगून टाकतो, कारण आयटीवाल्यांना ते जास्त लागू आहे. एडिसनचं पर्ल स्ट्रीटचं वीज केंद्र १८८२ चं. पण १८९९ पर्यंत तिथल्या कारखान्यांतल्या यांत्रिक ताकदीपैकी पाच टक्क्यांहूनही कमी ताकद विजेच्या मोटरीतून येत होती. आणि ज्यांनी मोटर घेतली त्यांनीही काय केलं, तर वाफेचं इंजिन काढून तिथे एक मोठी मोटर ठेवली. छताखालचा शाफ्ट आणि पट्ट्यांचं जंगल जसंच्या तसं! फायदा फारसा दिसेना. प्रत्येक यंत्राला स्वतःची छोटी मोटर लावली आणि त्याप्रमाणे कारखान्याची मांडणीच बदलली तेव्हा कुठे उत्पादकता वाढली, म्हणजे १९२० च्या दशकात. पॉल डेव्हिड ह्या अर्थशास्त्रज्ञाने १९९० साली ह्यावर एक गाजलेला निबंध लिहिला. कॉम्प्युटर येऊनही कामाचा वेग का वाढत नाही, हे समजावायला त्याने डायनॅमोची ही गोष्ट वापरली. आमच्या कंपनीत कागदी फॉर्म जसाच्या तसा स्क्रीनवर आणून त्याला डिजिटल ट्रान्सफॉर्मेशन म्हणतात, तेव्हा मला तो शाफ्ट आठवतो. (बॉस हे वाचत नाही अशी आशा.)

आमच्या गिरणीतही तेच झालं होतं की. वीज आली तेव्हा आजोबांनी इंजिनाच्या पट्ट्यालाच मोटर जोडली. तेव्हा ते मागासलेपण वाटलं असेल, पण लोडशेडिंगच्या काळात त्याच मागासलेपणाने गिरणी जगवली.

आता गाडीकडे येतो. गाडीचा पट्टा हा त्या चपट्या पट्ट्याचाच नातू. मधली पिढी म्हणजे व्ही-बेल्ट, अमेरिकेतल्या जॉन गेट्सने १९१७ मध्ये आणलेला. पाचरीसारखा खोबणीत रुतून बसतो म्हणून कमी जागेत जास्त ओढतो. अनेक वर्षं गाडीच्या तोंडाशी असे तीन-चार पट्टे असायचे, प्रत्येकाचा ताण वेगळा सेट करायचा. मग १९७९ च्या फोर्ड मस्टँगमध्ये एकच लांब, चपटा, खाचांचा पट्टा सगळ्या पुल्यांवरून सापासारखा फिरवला. म्हणजे बघा, पट्टे कमी करायची आयडिया कारखान्यांनीच कधीची केली आहे, तीही आधी एका स्पोर्टी गाडीवर. फायदा उघड आहे. तोटा असा की तो एकच पट्टा तुटला की चार्जिंग, पाणी, स्टिअरिंग, सगळं एकदम बंद. पूर्वी एक तुटला तर बाकीचे घरी पोहोचवायचे.

मग मित्राच्या किटला तेच तीन प्रश्न विचारले. तू काढतोयस ती वस्तू कुठली कुठली कामं करते?

एसी आणि पॉवर स्टिअरिंगचा दुसरा पट्टा: तो फक्त त्या दोघांनाच चालवतो. दोन्ही नको असतील तर पट्टा जाऊ दे. हात दुखतील, उन्हाळ्यात घाम येईल, पण इंजिनाचं काही बिघडणार नाही. हा हिशोब स्वच्छ.

लहान व्यासाची पुली: हा वेगाचा प्रश्न. समजा मूळची १४० मिलिमीटरची आहे आणि नवी ११२ ची, तर अल्टरनेटर आणि पाण्याचा पंप दोन्ही २० टक्के हळू फिरणार. रेस ट्रॅकवर इंजिन सहा हजारांवर असतं, तिथे हळू फिरलेलं बरंच, थोडी ताकद वाचते. पण हा पठ्ठ्या ट्रॅकवर वर्षातून एकदा जाणार आणि बाकी वेळ टर्नपाइकच्या ट्रॅफिकमध्ये ८५० फेऱ्यांवर उभा राहणार. तिथेच पंप हळू पडला तर इंजिन तापणार आणि हेडलाईट मंद होणार. सहाशेच्या इंजिनाला पंप थेट जोडण्यातलाच प्रकार.

आणि तिसरी, हलकी अ‍ॅल्युमिनियमची पुली. इथे मी त्याला फोटो पाठवायला सांगितलं. मूळच्या पुलीत मधला भाग आणि बाहेरचं कडं ह्यांच्यामध्ये रबराची काळी रेघ स्पष्ट दिसत होती. ती पुली नुसती पुली नाही. प्रत्येक स्फोटाबरोबर क्रँकशाफ्ट अगदी थोडा पिळला जातो आणि परत उलगडतो. एका ठराविक वेगाला ह्या पिळण्याची लय जुळली तर शाफ्टला भेगा जाऊ शकतात. जड कडं आणि रबर मिळून ही थरथर खाऊन टाकतात. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला लँचेस्टरसारख्या इंजिनिअरांनी ह्या थरथरीवर डोकं खपवलं, म्हणून आज आपल्याला ती जाणवत नाही. विकणारा म्हणतो, "उगाच दोन किलो वजन." गुऱ्हाळात घसरणाऱ्या पट्ट्यालाही कोणीतरी 'उगाच' म्हणालं असेल, दगड येईपर्यंत.

रविवारी रात्री फोन केला. म्हटलं, दुसरा पट्टा काढ, पुलीला हात लावू नकोस. तो जरा हिरमुसला. सगळ्यात चकचकीत वस्तू तीच होती ना! म्हणाला, "लोक लावतात रे, काही होत नाही." म्हटलं, आमच्या आजोबांनीही वीस वर्षं हातानेच पट्टा चढवला होता. मग पाच सेकंद फोनवर कोणीच बोललं नाही. सोमवारी सकाळी मेसेज आला, एक्सेलमधली ती ओळ लाल केली होती.

आणि मामा? मी त्यांच्यासाठीही तसाच हिशोब मांडला. थेट मोटरच्या मशीनमध्ये पट्ट्यात वाया जाणारी पाचेक टक्के वीज वाचेल, हात अडकायची भीती जवळजवळ नाही, धूळ कमी. पण दगड अडकला तर झटका मोटरवर. आणि लाईट गेली तर गिरणी बंद, कारण इंजिन जोडायला पुलीच नाही. विक्रेता म्हणतो आता लाईट जात नाही. मामांनी फक्त माझ्याकडे बघितलं.

शेवटी ठरलं ते असं की नवी चक्की घ्यायची, पण पुलीवाली. मोटर व्ही-बेल्टवर, आणि त्यावर चारी बाजूंनी जाळी, बोटही आत जाणार नाही अशी. जाळीचे पैसे मी देतो म्हटलं तर मामा रागावले. जुन्या इंजिनाचं काय करायचं हे मात्र ठरेना. भंगारवाला किलोवर मागतोय.

"चालू तर हुतंय का बघू," म्हणत त्यांनी टाकीत डिझेल ओतलं, डीकॉम्प्रेशनची कळ उचलली आणि हँडल माझ्या हातात दिलं. दोनदा नुसतीच दमछाक. तिसऱ्यांदा कळ सोडली आणि धुराड्यातून काळा ढग आला, मग पुक्.. पुक्.. पुक् पुक् पुक्. दहा वर्षांनी असेल. पट्टा नव्हता, चक्की थांबलेलीच होती, इंजिन आपलं एकटंच चालू.

पाच मिनिटांत पलीकडच्या आळीतल्या काकू ज्वारीचा डबा घेऊन दारात. "चालू झाली व्हय गिरणी?"